भूछत्रांची पारख



मृगाच्या सरींनीं जमीन चांगली मुरली, मग चार दिवसांची उघडीप पडली, आणि त्यानंतर एखाद्या रात्रीं विजा कडाडून पुन्हां पाऊस झाला, कीं कोंकणांतील माणसें भल्या पहांटे टोपली घेऊन रानाची वाट धरतात. काल सायंकाळीं जेथें नुसती माती होती तेथें आज शेंदोनशें पांढऱ्या छत्र्या उभ्या असतात. कोणी त्यांस अळंबीं म्हणतो, कोणी भूछत्रें. आणि ज्यांचा भरंवसा वाटत नाहीं त्यांस कुत्र्याच्या छत्र्या म्हणून पायानें उडवून देतो. अळंबें कोणतें आणि कुत्र्याची छत्री कोणती हें ठरवावयाचें कसें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां शास्त्रज्ञांचीं दोनशें वर्षें गेलीं आणि अजून तें पुरतें हातीं आलेलें नाहीं.

मी या विषयाकडे वळलों तो एका चुकीमुळें. ती प्रथमच सांगून टाकणें बरें. १९८६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. वर्गांत वनस्पतींचा पाठ चालू असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, विषारी छत्री ओळखायची कशी?" कोठेंतरी वाचलेलें किंवा कोणाकडून तरी ऐकलेलें उत्तर मीं मोठ्या आत्मविश्वासानें दिलें : जिला किडे लागतात ती माणसानें खाण्यास हरकत नाहीं, विषारी असती तर किड्यानें तिला तोंड लावलें नसतें. तर्क दिसावयास चोख होता. पुढच्याच आठवड्यांत गुरें चारण्याच्या माळावर मुलांना गवतांत ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या सांपडल्या. त्या कडें करून उभ्या होत्या आणि त्यांतील निम्म्यांस किडे लागलेले होते. मुलांनीं गुरुजींचें वचन प्रमाण मानलें. एक टोपली त्या विचारणाऱ्या मुलाच्या घरीं गेली, आणि थोडीं छत्रें माझ्याही घरीं आलीं. कालवण रुचकर झालें होतें हें मला अजून आठवतें. दोन तासांच्या आंत आम्हांस वांत्या सुरू झाल्या. त्या मुलाच्या घरीं सहा माणसें अंथरुणास खिळलीं. सर्वांत धाकटी मुलगी चार वर्षांची होती. तिला खाटेवर घालून नदीपलीकडच्या दवाखान्यांत नेतांना तिचे डोळे वर गेलेले मीं पाहिले. तिसऱ्या दिवशीं सर्वजण उठून बसले. त्या मुलाच्या आईनें मला एका शब्दानेंही जाब विचारला नाहीं. विचारला असता तर बरें झालें असतें.

ज्या छत्रीनें हा प्रसंग आणला तिचें शास्त्रीय नांव क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस, हें मला पुढें बऱ्याच वर्षांनीं कळलें. उष्ण प्रदेशांतील गवताळ जागीं ती पुष्कळ देशांत उगवते. तिनें मनुष्य सहसा मरत नाहीं, पण पोटाचे हाल होतात. आणि तिची ओळख पटविणारी खूण त्या दिवशीं आमच्या हातांत होती. ती कशी पाहावयाची तेवढें मात्र आम्हांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें.

भूछत्र म्हणजे संपूर्ण जीव नव्हे, हें आधीं ध्यानांत घ्यावें. खरा जीव जमिनींत किंवा कुजक्या लांकडांत पसरलेल्या सुताहून बारीक तंतूंचा असतो. त्यास कवकजाल म्हणतात. हवा, ओल आणि उष्णता यांचा मेळ बसला म्हणजे तें जाल वर एक फळ पाठवितें, तेंच आपण पाहतों. आम्रवृक्ष भूमींत गडप असावा आणि वर्षांतून दोन दिवस आंबा तेवढा मातींतून डोकें काढून दिसावा, तशी ही स्थिति आहे. कवकांस वनस्पति म्हणण्याचीही चाल आतां राहिली नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकर यानें १९६९ सालीं त्यांस जीवांचें एक स्वतंत्र राज्य दिलें; आणि पुढें जनुकांच्या तपासणींत असें निघालें कीं, कवकांचें नातें वनस्पतींपेक्षां प्राण्यांशीं अधिक जवळचें आहे. म्हणजे मीं त्या दिवशीं वनस्पतींच्या पाठांत भूछत्रास बसविलें होतें, तेंही चुकलेंच होतें.

आतां फळावरून ओळख पटवावयाची म्हणजे फळ पुरतें पाहिलें पाहिजे. सामान्य माणूस छत्रीचा वरचा रंग पाहतो, आणि नेमका तोच सर्वांत फसवा असतो. पावसानें तो धुपतो, उन्हानें फिका पडतो, वयानें पालटतो. छत्री उलटी करावी. खालीं मध्यापासून कडेपर्यंत गेलेले पातळ पडदे आहेत कीं स्पंजासारखीं छिद्रें आहेत तें पाहावें. पडदे दांड्यास चिकटलेले आहेत कीं दांड्याशीं येऊन अलग राहिले आहेत. दांड्यावर कडें आहे काय, आणि असल्यास तें वरखालीं सरकतें काय. दांडा मोडला असतां रंग बदलतो काय. वास पिठासारखा येतो, मुळ्यासारखा येतो कीं कसलाच येत नाहीं. छत्र शेणावर आहे, गवतांत आहे, पडल्या ओंडक्यावर आहे कीं जिवंत झाडाच्या मुळाशीं आहे. हें सर्व टिपून ठेवावें. बाजारच्या भाजीसारखें वरच्यावर खुडून आणलेलें छत्र ओळखीच्या दृष्टीनें निम्मे निरुपयोगी होतें. कारण सर्वांत महत्त्वाची साक्ष पुष्कळदां मातीखालीं राहून जाते. ती कोणती तें पुढें सांगतों.

पडद्यांचें कार्य बीजाणु तयार करणें हें आहे. एकटा बीजाणु सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीं, परंतु लाखों बीजाणु एकत्र पडले म्हणजे त्यांची रंगीत पूड दिसते. ती पाहण्याची युक्ति इतकी सोपी आहे कीं तिला शाळेंत स्थान मिळालें पाहिजे असें मला नेहमीं वाटतें. छत्रीचा दांडा कापून टाकावा, छत्री पडद्यांकडून खालीं करून अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी, वर पेला पालथा घालावा आणि रात्रभर तिला हात लावूं नये. सकाळीं कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली असते. पांढरी पूड काळ्या भागावर दिसते, काळी पांढऱ्यावर. गुलाबी, तांबूस, जांभळट हे रंगही दिसतात. स्वीडनच्या एलियस फ्रीस यानें १८२१ सालापासून भूछत्रांची जी मोठी व्यवस्था लावली तिचा पाया ही पुडीच्या रंगांची विभागणीच होती. छत्रीचा रंग बदलेल, आकार बदलेल, पण ही पूड जातीशीं पुष्कळशी इमानी राहते.

आमच्या माळावरच्या छत्रीची पूड हिरवट असते. पडदे असलेल्या भूछत्रांत हिरवट पूड अगदीं विरळा आढळते. कोवळेपणीं तिचे पडदे पांढरे शुभ्र दिसतात व पुढें हिरवट झांक मारूं लागतात. म्हणून कोवळीं छत्रें खाणारा अधिक फसतो. चार तास धीर धरून कागद पाहिला असता तर ती खाट उचलण्याची वेळ आली नसती. किड्यांविषयीं म्हणाल, तर अमॅनिटा नांवाच्या प्राणघातक वंशांतील छत्र्यांतही कांहीं जातींच्या माशा अंडीं घालतात आणि त्यांच्या अळ्या तेथेंच पोसतात. गोगलगाईही त्या खातात. त्यांच्या शरीरास तें विष बाधत नाहीं, आपल्यास बाधतें. चांदीचें नाणें, लसूण किंवा तांदूळ भांड्यांत टाकून रंग काळा पडतो काय तें पाहण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं सांगतात. चांदी काळी पडते ती गंधकाच्या योगानें. या विषांची तिला कांहींएक ओळख नाहीं.

अमॅनिटाचें नांव निघालेंच आहे, तर मातीखालच्या साक्षीविषयीं सांगतों. युरोपांत ज्यास डेथ कॅप म्हणतात तें अमॅनिटा फॅलॉइडीज दिसावयास देखणें असतें : फिकट हिरवट छत्री, पांढरे पडदे, दांड्यावर झालरीसारखें कडें. कोवळेपणीं तें अंड्यासारख्या पिशवींत गुंडाळलेलें असतें; वाढतांना पिशवी फाटते आणि तिचा पेल्यासारखा अवशेष दांड्याच्या तळाशीं राहतो. हा पेला मातींत असतो. वरून खुडणाराच्या हातीं दांडा येतो आणि साक्षीदार जमिनींत राहतो. या छत्राचें विष शिजविल्यानें जात नाहीं, वाळविल्यानेंही जात नाहीं. खाल्ल्यानंतर सहा तास, बारा तास, कधीं याहूनही अधिक वेळ कांहीं होत नाहीं. मग वांत्या व ढाळ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आराम वाटतो, घरचीं माणसें देवास नारळ फोडतात, आणि त्याच वेळीं आंत यकृत निकामी होत असतें. पेशींना प्रथिनें बनविण्यासाठीं जी जनुकाची नक्कल लागते ती काढणारें यंत्रच हें विष बंद पाडतें. जगांत भूछत्रांच्या विषानें होणारे बहुतेक मृत्यु या एका जातीच्या माथीं आहेत.

या छत्राच्या संबंधांत अमेरिकेंतील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. आग्नेय आशियांतील देशांत भाताच्या पेंढ्यावर उगवणारें एक उत्तम अळंबें खातात. त्याची तेथें लागवडही होते. त्याच्याही तळाशीं पेला असतो. त्या देशांतून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या कुटुंबांना तेथील झाडांखालीं तसेंच पेल्याचें छत्र दिसलें. घरीं आजीनें शिकविलेली ओळख त्यांस पक्की होती. त्यांनीं तें शिजविलें, आणि तें डेथ कॅप निघालें. असें एकदां नव्हे, पुष्कळदां घडलें आहे. ज्ञान खोटें नव्हतें. तें ज्या भूमींत मिळविलें त्या भूमीपुरतें होतें. पुडीचा कागद पाहिला असता तर पेंढ्यावरच्याची गुलाबी आणि डेथ कॅपची पांढरी असा भेद सकाळीं दिसला असता. आपल्याही देशांत २०२२ च्या एप्रिल महिन्यांत आसामच्या वरच्या भागांत रानांतील विषारी भूछत्रें खाऊन १३ माणसें दगावलीं. त्यांत चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबांचा मोठा भाग होता. भूछत्र हें गरिबाचें फुकटचें मांस आहे, म्हणून ही पारख हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

मग आपलें कोंकणांतील माणूस इतकीं वर्षें अळंबीं खाऊन सुखरूप कसें राहिलें? याचें उत्तर मला एका म्हातारीनें दिलें. ती आठवड्याच्या बाजारीं अळंबीं विकावयास बसे. माझ्या फजितीची वार्ता तिच्या कानीं गेलेली होतीच. एके दिवशीं मला रानांत नेऊन तिनें वारुळाजवळच्या एका छत्रीच्या बुडाशीं काठीनें उकरलें आणि म्हणाली, "गुरुजी, वरचं काय बघताय? हात घाला." मीं कोपरापर्यंत हात घातला तरी दांड्याचें मूळ संपेना, तें निमुळतें होत होत खालीं वारुळाच्या पोकळींत गेलेलें होतें. ज्याचें मूळ असें वारुळांत जातें तेंच तिच्या टोपलींत पडे. बाकीच्यांचीं नांवें तिला ठाऊक नव्हतीं आणि ठाऊक करून घेण्याची तिला गरजही वाटत नव्हती. शंभर नांवें अर्धवट पाठ असलेल्या मजपेक्षां एकच जाति मुळापर्यंत ओळखणारी ती बाई अधिक मोठी परीक्षक होती, असें मी आजही मानतों.

त्या अळंब्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. वाळवीच्या कांहीं जाति वाळकें गवत व लांकूड खातात, पण त्यांतील कठीण भाग त्यांस नीट पचत नाहीं. म्हणून त्या आपल्या विष्ठेचें, मेंदूच्या वळ्यांसारखें सच्छिद्र पोळें वारुळांत बांधतात आणि त्यावर एक कवक वाढवितात. कवक तें द्रव्य मऊ करतें, वर पांढरे खसखशीसारखे दाणे धरतें, आणि वाळवी तें खाते. ही शेती आफ्रिकेंत सुमारें ३ कोटि वर्षांपूर्वीं सुरू झाली असावी असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मनुष्याची शेती त्यापुढें कालची म्हणावी लागेल. पावसाळ्यांत तेंच कवक वारुळाच्या भिंतींतून टोंकदार माथ्याची छत्री वर पाठवितें. रॉजे हेम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं या वंशास टर्मिटोमायसीस असें नांव दिलें. गोमंतकांत वारुळास रोयण म्हणतात, व तेथील अळंब्यांवर गोंयकारांचा केवढा जीव आहे तें पावसाळ्यांत तिकडे गेलेल्या कोणासही सांगावयास नको. धिंगरी अळंबी जशी घरीं पेंढ्यावर काढतां येते तशी ही काढतां येत नाहीं. तिला वाळवीची सोबत लागते. म्हणून वारूळ फोडून सगळींच्या सगळीं उपटणाऱ्यांचा मला राग येतो. टर्मिटोमायसीसची पूड गुलाबी असते. परंतु गुलाबी पूड म्हणजे अभयपत्र असें कोणी समजूं नये. एंटोलोमा नांवाच्या वंशाचीही पूड गुलाबी असून त्यांत विषारी जाति पुष्कळ आहेत. गुलाबी पूड, टोंकदार माथा, वारूळ आणि लांब मूळ, हे चारही साक्षीदार एकमुखानें बोलले पाहिजेत.

डोळ्यांची व नाकाची ही परीक्षा कितीही सूक्ष्म केली तरी तिला एक मर्यादा आहे. निसर्गांत रूप सारखें असलें म्हणजे कुळ एक असतेंच असें नाहीं. याचें मोठें उदाहरण शाईछत्र्यांचें आहे. या छत्र्या पिकल्या म्हणजे आपोआप विरघळून त्यांची काळी शाई होते. इतका चमत्कारिक गुण ज्यांच्यांत आहे त्या सर्व एकाच वंशाच्या, हें दोनशें वर्षें कोणास शंका घेण्याजोगें वाटलें नाहीं. २००१ सालीं जनुकांच्या आधारें तो वंश मोडावा लागला. त्यांतील उंच, लवदार, पांढरी शाईछत्री डब्यांतून विकावयास येणाऱ्या बटन अळंबीच्या कुळांत गेली, आणि इतर बहुतेक निराळ्याच कुळांत. विरघळण्याची कला दोन घराण्यांनीं स्वतंत्रपणें साधलेली होती. उलटपक्षीं, एकच नांव धारण करून बसलेल्या छत्र्यांत दोन-दोन, तीन-तीन जाति दडलेल्या निघाल्या. चित्रांतून सर्वांच्या परिचयाचें, लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेलें अमॅनिटादेखील त्यांतून सुटलें नाहीं.

ही जनुकांची परीक्षा असते तरी कशी? प्रत्येक पेशींत डी.एन.ए. नामक एक लांबलचक लेख असतो. त्याचीं अक्षरें चारच. सबंध लेख वाचण्याऐवजीं कवकांच्या बाबतींत त्यांतील एक लहानसा उतारा निवडलेला आहे. सुमारें सहाशें अक्षरांचा म्हणाना. पेशींत प्रथिनें जुळविण्याचा जो कारखाना असतो त्याचे आराखडे या लेखांत ओळीनें लिहिलेले आहेत, आणि दोन आराखड्यांच्या मध्यें कांहीं जोडमजकूर आहे. तोच हा उतारा. इंग्रजी आद्याक्षरांनीं त्यास आय.टी.एस. म्हणतात, आणि २०१२ सालीं अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं कवकांच्या ओळखीचें चिन्ह म्हणून तो मान्य केला.

जोडमजकूरच कां निवडला, हें आपल्याला एका ओळखीच्या उदाहरणानें समजेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताची चिकित्सित आवृत्ति हातीं घेतली आणि १९६६ सालीं मूळ संहिता पुरी केली. हजाराहून अधिक हस्तलिखितें ताडून पाहिलीं गेलीं. नकलकार नक्कल करतांना चुकतो. ती चूक पुढच्या नकलेंत तशीच उतरते. म्हणून एकच चूक ज्या दोन पोथ्यांत सांपडते त्या पोथ्या बहुधा एका मुळाच्या लेंकी असतात. डी.एन.ए.ची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या अशीच होत आली आहे. कारखान्याच्या आराखड्यांत चूक झाली तर जीव जगत नाहीं, म्हणून तेथील पाठ दूरदूरच्या कुळांतही जवळजवळ सारखाच राहतो. जोडमजकुरांतील चूक मात्र कोणाच्या जिवावर बेतत नाहीं. ती टिकते, सांचते, आणि दोन जाति अलग होऊन किती काळ लोटला याची खूण सांगते. शिवाय हा उतारा प्रत्येक पेशींत एकदां नव्हे, पुष्कळ वेळां लिहिलेला असल्यामुळें वाळलेल्या, जुन्या तुकड्यांतूनही तो काढतां येतो.

कृति अशी. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घोटून, प्रथिनें व इतर द्रव्यें दूर करून, डी.एन.ए. पाण्यांत उतरवून घेतात. त्यांतील हवा तो उतारा वाढविण्यासाठीं द्रव सुमारें ९५ अंशांपर्यंत तापवितात, मग ५० ते ५५ अंशांपर्यंत थंड करतात, मग ७२ अंशांवर आणतात. प्रत्येक फेरींत उताऱ्याच्या प्रती दुप्पट होतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार मागणाऱ्या चतुराची गोष्ट आपण लहानपणीं ऐकली आहे. तेंच गणित येथें चालतें. कागदावरच्या हिशेबानें एका प्रतीच्या तीस फेऱ्यांत १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. ही युक्ति कॅरी मुलिस यांस १९८३ सालीं सुचली व तीबद्दल त्यांस १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. इतकें तापवूनही न नासणारें नकलेचें द्रव्य मिळालें तें अमेरिकेंतील यलोस्टोनच्या कढत झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूपासून. आपल्या वज्रेश्वरीच्या कुंडांवर जाणारा भाविक अशा झऱ्यांतील जंतूंचा विचार कशाला करील! वाढविलेला उतारा यंत्रानें वाचून जगभरच्या साठ्यांतील उताऱ्यांशीं ताडतात, आणि जुळणी कोणाशीं होते तें पाहतात.

या रीतीनें केवढा पल्ला गाठतां येतो याची एक मौजेची कथा आहे. लंडनच्या एका दुकानांत चीनमधून आलेल्या वाळल्या अळंब्यांचें एक पाकीट विकत घेऊन क्यू येथील प्रसिद्ध उद्यानाच्या शास्त्रज्ञांनीं त्यांतील १५ तुकड्यांची जनुक-परीक्षा केली. त्यांत तीन जाति निघाल्या, आणि तिन्ही अशा कीं शास्त्रानें त्यांस तोंवर नांवच दिलें नव्हतें. हें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. चीनमधील लोक जें खात होते आणि लंडनचा वाणी जें विकत होता, त्याचा शास्त्राच्या दप्तरांत पत्ताच नव्हता. जगांत कवकांच्या सुमारें दीड लाख जातींस नांवें मिळालीं आहेत, आणि प्रत्यक्षांत त्या २२ ते ३८ लाख असाव्यात असा एक अंदाज २०१७ सालीं मांडला गेला आहे. त्यापुढें या कथेचें नवल वाटेनासें होतें. कॅलिफोर्नियांतील डेथ कॅप मूळचें तेथील नसून युरोपांतून आलेलें आहे, हाही निवाडा २००९ सालीं जनुकांच्या साक्षीनेंच पक्का झाला. वारुळाच्या पोटांतील पोळ्याचा एक कण आणि वर उगवलेली छत्री यांची जुळणी करून, कोणती वाळवी कोणतें कवक पोसते हेंही आतां सांगतां येतें.

तथापि जनुकांचा उतारा हा वेदवाक्य समजणारे नवे भाविकही मला भेटतात, आणि त्यांची समजूत तितकीच घातक आहे. साठ्यांतील उताऱ्यास जें नांव जोडलेलें असतें तें कोणीतरी डोळ्यांनीं पाहूनच जोडलेलें असतें. त्यानें चूक केली असेल तर यंत्र तीच चूक शुद्ध अक्षरांत आपल्यापुढें ठेवतें. कित्येक वंशांत हा एक उतारा सख्ख्या जातींना अलग करावयास पुरत नाहीं, आणि दुसरे उतारे वाचावे लागतात. मुख्य म्हणजे, ज्या छत्राचा तुकडा घेतला तें छत्र वाळवून, त्याच्या जागेची, वासाची, पुडीची टिपणें जोडून जपलें नसेल, तर तो उतारा बिनमालकाच्या गांठोड्यासारखा होतो. पुण्यांतील आघारकर संशोधन संस्थेंत आजरेकरांच्या नांवानें जो कवकांचा संग्रह आहे त्याचें महत्त्व यासाठीं. उद्यां नवी परीक्षा निघेल, तेव्हां ती करण्यास वाळलेलें कां होईना, छत्र हातीं असावें लागेल.

आणि स्वयंपाकघरांत या परीक्षेचा उपयोग नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. ती नांव सांगते. खावें कीं खाऊं नये हें सांगत नाहीं. तिला कांहीं दिवस लागतात, आणि विष इतके दिवस थांबत नाहीं. ज्याच्या पोटांत संशयित छत्र गेलें आहे त्यानें बरें वाटण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, आणि शिजविलेल्याचें उरलेसुरलें व न शिजविलेलें एखादें छत्र बरोबर न्यावें. तें कागदांत गुंडाळावें, प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून कुजवूं नये. तेथें जनुकांपेक्षां सूक्ष्मदर्शक व जाणत्याचे डोळे लवकर कामास येतात.

गेल्या श्रावणांत मला दूरध्वनि आला. बोलणारा तोच, ज्यानें १९८६ सालीं मला प्रश्न विचारला होता. आतां त्याच्या घरीं नातू खेळतो. माळावर पांढऱ्या छत्र्या आल्या होत्या, त्यानें त्यांचें छायाचित्र पाठविलें होतें आणि विचारीत होता, "गुरुजी, ह्या वारुळाच्या आहेत का?" चित्र स्वच्छ होतें. वरची बाजू, गवत, मागें बांध, सर्व दिसत होतें. मीं त्याला सांगितलें कीं चित्रावरून मी कांहीं सांगणार नाहीं. बुडाशीं उकर, आणि एक छत्री रात्रभर कागदावर ठेव. सकाळीं त्यानें कळविलें कीं मूळ बोटभरच निघालें आणि कागदावर शेवाळाच्या रंगाची नक्षी उमटली आहे. छत्र्या त्यानें उकिरड्यांत पुरल्या. तो कागद मात्र त्यानें टपालानें मजकडे पाठविला. हें भाषण लिहितांना तो माझ्या मेजावर होता.